दुसऱ्या पंगतीला बसणारे

एकदा एका बंदरगावी असे झाले, की बर्फाच्या कारखान्यात दिवा लख्ख जळत होता आणि यंत्र मात्र अचानक गप्प झाले.

तिथे शिकायला आलेली तरुणी दचकून उभी राहिली. ती होतीच तशी. पत्र्यावर कावळा उतरला तरी तिच्या हातातला चहा हिंदकळे. विजेचे शास्त्र ती महाविद्यालयात शिकली होती, पण यंत्राच्या शेजारी राहण्याची तिची ही पहिलीच वेळ. यंत्राची घरघर तिच्या कानांत इतकी मुरली होती, की ती ऐकू येईनाशी झाली होती. आज थांबली, तेव्हा प्रथम जाणवली. वीज गेली म्हणावे तर दिवा चालू. बिघाड म्हणावा तर जळका वास नाही. मग झाले काय?

ती धावत आत गेली. कारखान्याचे वृद्ध मालक, ज्यांना सारे गाव आबा म्हणे, खटक्यावरून हात काढत होते. यंत्र त्यांनी स्वतःच बंद केले होते. दारात मासळीचा व्यापारी टेम्पो लावून उभा होता.

"आबा, डोकं ठिकाणावर आहे ना?" व्यापारी कडाडला. "होड्या यायची वेळ झाली आणि तुम्ही कारखान्याला झोपवताय?"

"तुझ्या लाद्या दुपारीच तयार झाल्यात. भर आणि नीघ. आणि जरा लांब उभा राहा, तुझ्या तापण्यानंच वितळतील."

व्यापारी पुटपुटत लाद्या भरू लागला. तरुणीचा जीव मात्र थाऱ्यावर नव्हता. आबांनी तिला मिठाच्या पाण्याच्या हौदापाशी नेले. त्या गार पाण्यात बर्फाचे साचे उभे होते, वर फळ्या आणि फळ्यांवर गोणपाट. त्यांनी एक फळी किंचित सरकवून तिला पाण्यात बोट बुडवायला सांगितले. तिने बोट बुडवले आणि किंचाळून बाहेर काढले. दिवेलागण सरल्यावर त्यांनी पुन्हा तेच करायला लावले. ती पुन्हा तशीच किंचाळली.

"फरक?"

"काहीच नाही!" ती चकित झाली. "म्हणजे थंडावा साठून राहतो. पण आबा, यंत्र बंद ठेवून आपल्याला काय मिळालं?"

"आपण थांबलो, ते आज विजेच्या बाजारात विकलं गेलं."

"न वापरलेली वीज विकली? मी आज उपास केला म्हणून वाणी मला पैसे देईल का?"

आबा हसले. "वाणी नाही देणार. पण लग्नघर डोळ्यांपुढं आण. पाहुणे ठरल्यापेक्षा जास्त आलेत, भात अजून चुलीवर आहे. अशा वेळी चार जण उठून म्हणाले, आम्ही दुसऱ्या पंगतीला बसतो, तर यजमानाच्या लेखी ती चार पानं नव्यानं वाढल्यासारखीच की नाही? विजेचंही तसंच. दुपारी ऊन मुबलक, म्हणून वीज मुबलक आणि स्वस्त. आपण तेव्हाच बर्फ गोठवून ठेवतो. दिवेलागणीला सूर्य जातो आणि नेमक्या त्याच वेळी घरोघरी दिवे, पंखे, शेगड्या मागणी करतात. भाव चढतो, कुठंतरी निजलेलं एखादं वीजकेंद्र घाईनं पेटवावं लागतं. त्याऐवजी आपण आदल्या दिवशीच बाजाराला शब्द देतो, की उद्या या वेळी आम्ही एवढी वीज घेणार नाही. आमचं पान दुसऱ्या पंगतीला. त्या शब्दाला बाजारात मोल आहे."

"एका कारखान्याच्या शब्दाला?"

"छे! कोथिंबिरीची एक काडी कोण विकत घेतं? जुडी बांधावी लागते."

आबांनी तशी जुडी बांधली होती. तिच्यात बर्फाचा कारखाना होता, विजेच्या रिक्षांचा तळ होता, एक शीतगृह होते आणि टेकडीवरचे गावाचे पाण्याचे पंपघर होते. ज्याला जितके थांबता येई तितके तो थांबे, आणि साऱ्यांचे मिळून एकच वचन बाजारात जाई. एवढ्याशा गावाला बाजारात उभे करून घ्यायला आबांना फार खेटे घालावे लागले होते.

तरुणीला हे इतके आवडले, की तिने सगळ्यांची क्षमता संगणकावर मांडली. पंपघराची टाकी प्रचंड होती. तिने हिशोब केला, की पंप संध्याकाळभर बंद राहिला तरी गावाला पाणी पुरेल, आणि संदेशातून पंपघराला पंप तेवढा वेळ बंद ठेवायला कळवून टाकले. टाकी पुरलीही. मात्र टाकी अर्धी झाली, की वरच्या आळीच्या नळांना पाणी चढत नाही, हे टाकीच्या आकड्यांत कुठे लिहिलेले नव्हते. वरच्या आळीतल्या बायका रिकाम्या कळश्या घेऊन पंपघरावर गेल्या. पंप सांभाळणाऱ्या सुगंधाताईंनी मुकाट्याने त्यांची बोलणी खाल्ली. त्या दिवसापासून तरुणीच्या संदेशाला त्यांचे उत्तर येईना.

आणि नेमक्या त्याच सुमारास आबा तिला म्हणाले, "आजपासून जुडीला हाक तू मारायचीस."

त्या संध्याकाळचे वचन बाजारात दिलेले होते. तिने संदेश लिहिला, पुसला, पुन्हा लिहिला: 'सर्व सदस्यांनी कृपया आपापली यंत्रे बंद करावीत.' रिक्षांचा तळ थांबला. शीतगृह थांबले. बर्फाचे यंत्र तिने स्वतः थांबवले. पडद्यावरचा जुडीच्या एकूण वीजवापराचा आकडा उतरत आला आणि मध्येच अडकला. पंपघर चालूच होते. जुडीतली सर्वांत जाड काडी तीच होती.

"आबा, तुम्ही फोन करा ना! वचन मोडलं तर जुडीला बाजारातून काढतील."

"काढतील. जागा सोडतो म्हणणारा आयत्या वेळी पाटावर येऊन बसला, तर त्याला पुन्हा कोण बोलावील?"

"मग करा ना फोन! तुमचं त्या ऐकतील."

"ऐकेल. पण मग जुडीला दोरा माझ्या आवाजाचाच राहील, आणि तो आता विरत आलाय." आबांनी चहाची बशी खाली ठेवली. "बाळ, तुझा टाकीचा आकडा चुकला नव्हता. पण स्वतःचं पान दुसऱ्या पंगतीला नेणं वेगळं आणि दुसऱ्याचं पान त्याला न विचारता उचलणं वेगळं. ज्याला थांबायचंय, किती थांबता येईल ते त्यानंच सांगायचं. घरात लेकरू भुकेलं असेल तर ती बाई पहिल्याच पंगतीला बसणार, आणि ते यजमानाला आधी कळलेलं बरं. बाजाराला वचन आपण देतो खरं, पण ते असतं कुणाचं?"

तिने फोन हातात घेतला. समोरचा माणूस रागावला तर काय, या धास्तीने तिने आजवर सुगंधाताईंना कधी फोन केलाच नव्हता. लिहिलेल्या शब्दांना कोणी ओरडत नाही. घंटा वाजत राहिली आणि बंद झाली. तिने पुन्हा लावला. पुन्हा तसेच. खिडकीबाहेर एकेका घरात दिवा लागत होता आणि पडद्यावरचा आकडा होता तिथेच होता. तिसऱ्यांदा लावताना तिने डोळे मिटून घेतले.

घंटा मध्येच तुटली. पलीकडून नुसती पंपाची घरघर ऐकू येत होती.

"ताई," ती म्हणाली, "त्या दिवशी मी तुम्हाला न विचारता ठरवलं. बोलणी तुम्हाला खावी लागली. माझी चूक झाली. आज विचारते. वरच्या आळीचं पाणी सांभाळून तुम्हाला थांबता येईल का? आलं तर किती? नसेल जमत तर तसंही सांगा. बाजाराला आपण कमी पडलो, हे मी कळवीन."

घरघर चालूच राहिली.

"वरच्या आळीचं आत्ताच सोडून झालं," अखेर सुगंधाताई म्हणाल्या. "दिवेलागण सरेपर्यंत थांबते. त्यापुढं नाही हां, पोरी."

खट् असा आवाज आला, फोनमधली पंपाची घरघर थांबली आणि पडद्यावरचा आकडा पुन्हा उतरू लागला. त्या शांततेने ती दचकली नाही.