बुडाचं वरण

गुलाबरावांच्या घरी कुळधर्माला एकच शिरस्ता चालायचा. आधी पुरुषांची पंगत, मग बुडाला उरेल ते बायकांचं. गेल्या वर्षी म्हाताऱ्या सासूबाईंनी पाणी वाढवलेल्या वरणात भात कालवला, तेव्हापासून थोरली सून कौसल्या आतून धुमसत होती.

यंदा तिने तूर, मूग आणि मसूर एकत्र शिजवली, पण घोटली नाही. पातेलं उतरवून तसंच ठेवलं. डाळ खाली बसली. पंगतीत तिने वरवरचंच वाढलं.

गुलाबरावांच्या भातातून पिवळं पाणी ओघळून पानाबाहेर गेलं. भर पंगतीत ते कडाडले, "सूनबाई, डाळ कुठे गेली?"

"बुडाला आहे, मामंजी. बुडाचं बायकांचं, हे तुम्हीच ठरवलंत. मी हात कसा लावणार?"

"आत्ताच्या आत्ता ढवळून आण."

कौसल्याने पातेलं आणून त्यांच्या पुढ्यात आदळलं. पळी मात्र तिने हातातच धरून ठेवली.

"ढवळते. पण एकदा ढवळलं की वरचं कुठलं आणि बुडाचं कुठलं, ते मला निवडता येणार नाही. तेव्हा आधी तुमच्या शेजारी सासूबाईंचं पान मांडा, मग पळी घालते."