मागे फिरलेला स्तंभ

"एक तरी माणूस चुकलाय का आबा, सांगा ना!"

वैदर्भीनं जुनं चित्र नि आपला कोरलेला पत्रा, कोरीवकाम शिकवणाऱ्या आबा तांबटांसमोर धरला. इटलीतल्या तीन-चारशे वर्षांपूर्वीच्या कोरीव चित्राची ती छापील प्रत. भला थोरला दगडी स्तंभ लाकडी सांगाड्यात आडवा बांधलेला. माणसं, घोडे, रहाट, दोरखंड... सगळी मिळून त्याला उजवीकडच्या नव्या चौकाकडे ओढताहेत. तेच चित्र तिनं सबंध उन्हाळा खपून तांब्याच्या पत्र्यावर कोरलं होतं. रेघ न् रेघ तशीच.

"कॉलेजात कुणाला जमलं नसतं असं," हेही ती म्हणून गेली.

आबा नुसते हसले. पत्र्यात शाई भरली, वरची पुसली, ओलसर कागद ठेवला नि यंत्राचं चाक फिरवलं. चाक करकरलं तशी ती केवढी दचकली!

कागद उचलला.

वैदर्भीचा चेहरा खर्रकन उतरला. मूळ चित्रात सगळे उजवीकडे निघालेले. इथं सगळे डावीकडे, आल्या वाटेनं मागे! पत्र्यावर उलटं कोरावं तेव्हा कागदावर सुलट उमटतं, हे आबांनी पहिल्याच दिवशी शिकवलेलं. नकलेच्या नादात नेमकं तेवढंच विसरलं.

आबांच्या घरचा रिवाज कडक. चुकलेल्या पत्र्यावर ज्याची चूक त्यानंच आरपार रेघ ओढायची. पत्रा कायमचा बाद.

तिनं कोरणी उचलली. टोक पत्र्याच्या कोपऱ्यावर टेकवलं.

"आबा... ओढू?"

"थांब गं. हा स्तंभ मुळात आणला कुठनं?"

"इजिप्तमधनं. रोमन लोकांनी उचलून आणला."

"त्याला विचारून?"

"दगडाला कोण विचारतं, आबा!"

"हं..."

आबा उठले. धोतर खोचलं, डावीकडे तोंड केलं, नि नसलेला दोर खांद्यावर घेऊन लागले ओढायला. "हैय्या हो... हैय्या!" खोकला आला, घाम आला, म्हातारा थांबेना.

वैदर्भीला आधी रडू आलं, मग खुदकन हसू. कोरणी केसांत खोचून तीही आबांच्या मागं ओढायला लागली. दोघं भिंतीला जाऊन थडकले.

"पण आबा... रिवाज?"

"रिवाज म्हंजे रिवाज. ओढ की रेघ," आबा धापा टाकत म्हणाले. "फक्त त्याआधी ह्या माणसांना तूच सांग... बाबांनो, ह्या स्तंभाला घरी इजिप्तला पोचवू नका, वाटेतच टाका."