नवसूची शिदोरी

नेरेखोल गावाच्या खाली नदी एका काळ्या कातळाला अडून वळते. त्या वळणावर पाणी इतकं खोल आहे, की वैशाखात सगळ्या नदीत गोटे उघडे पडले तरी तिथलं पाणी हलत नाही. अशा खोल पाण्याला इकडे कोंड म्हणतात. हा नवसूचा कोंड. त्यात कुणी मासे धरायला गरी टाकत नाही, पोरं डुंबायला उतरत नाहीत, आणि दिवेलागण झाली की त्या बाजूला तोंड करून कुणी कुणाला हाक मारत नाही. बाजूला लाकूड तोडायला गेलेला माणूसही सोबत्याला शीळ घालतो, पण नाव घेत नाही.

मी या गावात नवी. लग्न होऊन आले तेव्हा मला देव दाखवला, विहीर दाखवली, आणि मग कोंड दाखवायला आमच्या यांचे चुलत आजोबा, भिकाआजोबा, स्वतः आले. गावात येणाऱ्या प्रत्येकाला ही गोष्ट तेच सांगतात. डोंगर चढायला आलेली पोरं असोत की जमीन मोजायला आलेली माणसं असोत, आजोबा आधी चहा विचारतात आणि मग गोष्ट सांगतात. चहा टाळता येतो.

फार वर्षांपूर्वी, असं सांगतात, या गावात गोदाआई नावाची एक विधवा होती. मूल होत नव्हतं म्हणून तिनं नदीला नवस बोलला आणि मुलगा झाला, म्हणून त्याचं नाव नवसू. नवरा लवकर गेला. राहिली ती आणि हा मुलगा. आणि मुलगा म्हणे घरात फक्त झोपायला आणि जेवायला, तेही बोलावल्यावर. बाकी सगळा वेळ बाहेर. करवंदीच्या जाळीतून डोंगरावर जायचा, मधाची पोळी हेरून यायचा, पण जीव नदीवर. कुठल्या दगडाखाली खेकडा आहे ते पायानं ओळखायचा. कोंडाच्या कातळावर बांबूची काठी आणि गरी घेऊन बसला की पाणमांजरं त्याच्याजवळ येऊन बसत. तोही त्यांना हाकलत नसे. लागलेला पहिला मासा परत सोडायचा, दुसरा पाणमांजराला, आणि उरलेले वाटेत ज्याचं दार आधी लागेल त्याला. घरी कधी नुसती रिकामी काठीच यायची.

"गोदे, याला मुलगी कोण देणार गो?" शेजारणी म्हणायच्या. "एखादी मरळ बघ चांगली, तिच्याशीच लाव."

"मरळ तरी वेळेवर घरी येईल का?" गोदाआई म्हणायची.

संध्याकाळी ती परसातून खाली बांधावर येई आणि हाक मारी, "नवसूऽऽ, जेवायला येऽऽ." खालून कोंडावरून कुकारा येई, "कूऽऽ." म्हणजे ऐकलं. कुकारा आणि नवसू यांच्या मध्ये भात गार होऊन जाई, पण तो येई. हाक मारल्याशिवाय मात्र कधी आला नाही. भूक लागल्याचं त्याला आईच्या हाकेवरून कळायचं.

त्याचं एकच मागणं होतं. "आई, मासा लागतो तो नेमका दिवेलागणीला. भाकरी फडक्यात बांधून इथंच आणून दे ना."

हे ऐकलं की गोदाआई चवताळायची. या गावची रीत अशी, की दिवस मावळल्यावर शिजवलेलं अन्न नदीकाठी न्यायचं ते फक्त गेलेल्या माणसासाठी. जित्या माणसाचं जेवण उंबऱ्याच्या आत. आजही या गावात संध्याकाळी डबा घेऊन नदीच्या वाटेला लागलात तर कुणीतरी हात धरून विचारेल, कोण गेलं?

"तोंड सांभाळून बोल मेल्या," ती म्हणायची. "जेवायचं तर घरी यायचं."

भात कापणीचे दिवस होते. नवसूनं पुन्हा तेच मागितलं. गोदाआई दिवसभर कापणी करून थकलेली. ती म्हणाली, "आणणार तर नाहीच, आणि आज हाकही मारणार नाही. तुझी भूक मारील हाक." आणि खरंच ती बांधावर गेली नाही. चुलीपुढे बसून राहिली.

गावावर आभाळ स्वच्छ होतं. पण वर डोंगरात पाऊस कोसळला होता. नदी गढूळ होऊन आली ती एकदम, भिंत यावी तशी. ज्यांनी ऐकलं ते म्हणत, आधी पाखरं गप्प झाली, मग दगड गडगडल्याचा आवाज आला. माणसं चुडी पेटवून कोंडाकडे धावली. काठी सापडली, कातळाच्या चिरेत अडकलेली. नवसू सापडला नाही. पुढेही कधी सापडला नाही.

गोदाआई रडली नाही म्हणे. म्हणाली, "मी हाक मारली नाही, म्हणून तो आला नाही. एवढंच झालंय."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती बांधावर आली आणि तिनं हाक मारली. नदी उतरली होती. वाडीतली बायामाणसं दारात उभी राहून बघत होती, हिला आवरावं कसं म्हणून. आणि खालून कुकारा आला.

"कूऽऽ."

हा पडसाद असेल असं सांगणारे तेव्हाही होते. पण पडसाद आपण बोललो तेच बोलतो, एवढं लहान पोरालाही ठाऊक असतं.

गोदाआईनं घरी येऊन पान वाढलं आणि वाट पाहिली. भात गार झाला. नवसू आला नाही. तो जेवल्याशिवाय मी जेवणार नाही, असं ती त्या पानापुढे बसून बोलली. सकाळी शेजारणी जबरदस्तीनं घोटभर पेज पाजत, त्यावर ती राहिली. रोज संध्याकाळी हाक, रोज कुकारा, रोज भरलेलं पान. कोंडावर पाणी भरायला बायका जाईनाशा झाल्या. गुरं तिथल्या पाण्याला तोंड लावेनात. कुकारा तोच होता, पण ऐकणाऱ्यांना वाटे की तो बदलतोय. आधी त्यात "येतो" असं होतं. मग "कधी?" असं ऐकू यायला लागलं.

शेवटी जाणती माणसं जमली. पोर अडकलंय, त्याचं पान नदीवर ठेवू, सुटेल, असं ठरलं. केळीच्या पानावर भात घेऊन माणसं निघाली, तर गोदाआई वाटेत आडवी पडली. "माझ्या जित्या पोराला पिंड घालता?" तिला ओलांडून जायची कुणाची छाती झाली नाही. भात परत आला. ती मात्र दिवसेंदिवस वाळत चालली. बांधावर जाताना आता तिला भिंत धरावी लागे. ती जाणार हे सगळ्यांना दिसत होतं, आणि ती गेली की खालच्या कुकाऱ्याला हाक कोण मारणार, या विचारानं माणसं आणखी घाबरत.

त्याच सुमारास शेजारच्या घरात सून आली. घाटावरची होती. नवसूचं नाव या गावात ठाऊक आहे, त्याच्या काठीचा बांबू कुठल्या बेटातला तेसुद्धा सांगतात. या मुलीचं नाव मात्र कुणाला आठवत नाही. मी भिकाआजोबांना दोनदा विचारलं. "घाटावरची," ते म्हणाले.

नव्या सुनेला अभद्र काही सांगायचं नाही, म्हणून तिला कुणी काही सांगितलं नव्हतं. ती आपली कुडाच्या पलीकडून बघत होती. म्हातारी रांधते, हाक मारते, खालून लेक ओ देतो, येत मात्र नाही, आणि ही उपाशी निजते. एके दिवशी सासू बाहेर गेलेली पाहून ती गोदाआईच्या दारात आली.

"काकी, तुमचा ल्योक रोज ओ देतोय आन् येत का न्हाई?"

असं सरळ तिला कुणी विचारलंच नव्हतं. गोदाआई म्हणाली, "नदीवर आहे. मासा लागतो म्हणतो."

"मग भाकरी न्हेऊन द्या की. आमच्याकडं गडी रानात असला म्हंजी बाईनंच न्यायची."

"दिवस मावळल्यावर?"

"तर काय! रातच्याला पाणी धरलेलं असतंय उसाला. गड्यानं काय उपाशी ऱ्हायचं?"

या गावात नदीवर अन्न नेणं म्हणजे काय, हे सांगायला गोदाआईनं तोंड उघडलं, पण तिच्यानं ते बोलवलं नाही. मग तिनं विचारलं, "पानावर नाही ना नेत?"

"पानावर कशाला? वाटंत सांडंल. फडक्यात बांधायची."

म्हातारी उठली, तांदळाची भाकरी थापली, वर लसणीची चटणी आणि कांदा ठेवला. गाठ तिच्या हातून बसेना, तेव्हा ती त्या मुलीनं मारली. दोघी बांधापर्यंत आल्या. गोदाआई तिथंच खाली बसली. मुलगी एकटी कोंडाकडे उतरली.

वाडीनं बघितलं, नवी सून तिन्हीसांजेला नदीवर अन्न घेऊन चाललीय. तिची सासू ऊर बडवत धावत आली. "कुणाच्या नावानं नेतंस गो अवदसे? माझा लेक जिवंत हाय!" पण तोवर मुलगी कातळावर पोचली होती. तिनं शिदोरी खाली ठेवली. दिराच्या वयाचा माणूस, नाव कसं घेणार? तिनं पाण्याकडे बघून हाक मारली, "भावोजी, भाकरी आणलीया. जेवून घ्या."

सगळे कान देऊन उभे राहिले. कुकारा आला नाही. पाणी नाही, पाखरू नाही, काहीच वाजलं नाही. इतके दिवस त्या कुकाऱ्याला भ्यालेली माणसं आता त्या शांततेला भ्याली.

"गेला," कुणीतरी म्हणालं.

"गेला कुठला," गोदाआई बांधावरून म्हणाली. "तोंडात घास आहे त्याच्या. ओ कशी देईल?"

आणि ती भिंत न धरता घरी गेली, आपलं पान वाढून घेतलं, आणि जेवली.

त्यानंतर ती पुष्कळ वर्षं जगली असं सांगतात. तोवर शिदोरी रोज जाई, आणि नेणारी ती घाटावरचीच. गोदाआईच्या मागे शिदोरी वर्षातून एकदा जायला लागली.

आजही भात झोडून झालं की एका शनिवारी, दिवेलागणीला, त्या वर्षी बाहेरून आलेली सून कोंडावर भाकरी घेऊन जाते. पान वापरायचं नाही, फडकंच. मासा द्यायचा नाही. तो त्याच्याकडे आहे. नवसू मेला असं त्या दिवशी कुणी म्हणत नाही, आणि सून परत येईपर्यंत वाडीत कुणी जेवायला बसत नाही. मध्ये काही वर्षं गावात लग्नंच झाली नाहीत, पोरं शहरात जाऊन बसली. तेव्हा कोंडावरून कुकारा ऐकू येई म्हणे. आमच्या लग्नाची बोलणी एकाच बैठकीत आणि देण्याघेण्याचा शब्दही न काढता का उरकली, ते मला इथं उमजलं.

"आणि मी हाक मारल्यावर ओ आली तर?" मी विचारलं.

भिकाआजोबांनी कोंडाकडे पाहिलं. "तर बसायचं गो पोरी तिथंच. त्याचं होईस्तोवर."

माझा शनिवार आला तेव्हा मी गेले. बांधापर्यंत बायका होत्या, पुढे मी. शिदोरी ठेवून, सांगितले होते तेच शब्द बोलले, जरा हळूच. कातळाच्या पलीकडून, अगदी जवळून, "कूऽऽ" आलं.

मी पदर आवरून खाली बसले. पाण्याकडे बघितलं नाही. जेवणाऱ्याच्या तोंडाकडे बघत बसायचं नसतं. अंधार पडला. बांधावर कुणी हललं नाही. पुष्कळ वेळानं गप्प झालेले बेडूक पुन्हा बोलायला लागले, तेव्हा त्याचं झालं असं समजून उठले.

दारात सासूबाई उभ्या होत्या. त्यांनी माझ्या पायांकडे पाहिलं, मग तोंडाकडे.

"जेवला?"

"भावोजी जेवले," मी म्हटलं.

मग वाडीत एकेका घरातून ताटं मांडल्याचे आवाज येऊ लागले.