न टेकवलेली टोपली

“म्हणजे आई, यंदा मूषकाला नैवेद्य ठेवायचाच नाही?”

कुमुदिनीबाईंनी हे तिसऱ्यांदा विचारलं. हातांत तिळाच्या लाडवांची टोपली, टोपलीवर धुतलेलं पांढरं फडकं.

रेवाआई देवळाच्या पायरीवर बसल्या होत्या. माळावरच्या या एकट्या गणपतीपाशी त्यांचं उभं आयुष्य गेलं होतं. समोर माळभर उंदरांची बिळं. तिळकुंद चतुर्थीला खालच्या गावातल्या बायका पोराबाळांना घेऊन येत आणि बिळाबिळाच्या तोंडाशी लाडू ठेवत. देवाच्या वाहनाचा मान.

“टोपली खाली ठेव. बस जरा.”

“देवाचं देवाला दिल्याशिवाय टोपली टेकवत नाहीत. तुम्हीच शिकवलंत.”

“शिकवलं खरं...”

“एकवीस वर्षं झाली, आई. एकदा टेकवली नाही. एकदा चुकले नाही. यंदा उद्यापन.”

रेवाआईंनी कुमुदिनीबाईंकडे निरखून पाहिलं.

“अंगावर शाल नाही ती?”

“उकडतंय की! माघ कसला, वैशाखच म्हणायचा.”

“थंडीसुद्धा आजवर चुकली नव्हती, कुमुद.”

कुमुदिनीबाई हसल्या. रेवाआई हसल्या नाहीत.

त्या उठल्या. कोपऱ्यातली लांब काठी घेतली आणि जवळच्या बिळापासून चार हात लांब थांबल्या.

“तिथूनच बघ. पुढं येऊ नकोस. काय दिसतं?”

“जाळं. कोळ्यानं विणलेलं.”

“आणि पलीकडं?”

“तिथंही... सगळ्याच बिळांवर.”

“रोज सकाळी तोंडाशी ताजी माती असायची. आठ दिवस झाले, आत कुणी जात नाही, बाहेर कुणी येत नाही.”

“मग उंदीर गेले म्हणायचे. बरंच झालं! खालचे शेतकरी पेढे वाटतील.”

“उंदीर गेले... त्यांच्या अंगावर राहणारे कुठं गेले?”

रेवाआईंनी हात पुढं केला.

“फडकं दे.”

“नैवेद्यावरचं?”

“दे.”

रेवाआईंनी फडकं काठीच्या टोकाला बांधलं. जाळं फाडून ते बिळात सारलं. डोळे मिटून जप केला. जपमाळ पुरी झाली तशी काठी हळूच बाहेर ओढली.

पांढऱ्या फडक्यावर काळे ठिपके होते.

“अगंबाई, लाडवांचे तीळ चिकटले की काय...” कुमुदिनीबाई वाकल्या.

एका तिळानं उडी मारली.

त्या दचकून मागं सरल्या. टोपली मात्र हातांत घट्ट होती.

“पिसवा,” रेवाआई म्हणाल्या. “पाऊस लांबला, गवत माजलं, उंदीर वाढले. थंडीत या कमी व्हायच्या, तर थंडीच आली नाही. मग उंदरांत रोग शिरला. उंदीर मेला, गार झाला, की पिसू त्याला सोडते. उबदार अंग शोधते... कुणाचंही.”

त्यांनी फडकं काठीसकट देवळापुढच्या धुनीत टाकलं.

“कसला रोग, आई?”

“माझी आई सांगायची. उंदीर पडले की गाव घरं सोडून रानात राहायला जायचं.” रेवाआईंनी माळावरून नजर फिरवली. “यंदा रानातच पडलेत.”

माळावर पाखरूही बोलत नव्हतं.

“मी सकाळीच दवाखान्यात फोन केला. ते तपासतील. बायकांनाही निरोप धाडला, कुणी येऊ नका म्हणून. तू तेवढी आधी निघालीस.”

“पहिला नैवेद्य माझा असतो...” कुमुदिनीबाईंचा आवाज बारीक झाला होता. “रविवारी बिळांची तोंडं सारवली तीही मीच. ताजी माती नव्हती, ते दिसलं मला. म्हटलं, बरं, काम हलकं झालं.”

“एकटीच होतीस?”

कुमुदिनीबाईंनी देवळाशेजारच्या पाराकडे पाहिलं.

“कुमुद, एकटीच होतीस?”

“नात होती. बकू. तिचे हात लहान, आतपर्यंत जातात. ती आतून सारवते, मी बाहेरून.”

“आज कुठाय ती?”

“आणलीय. चालवेना म्हणाली, म्हणून पारावर निजवलंय. सकाळपासून मलूल आहे. अंग जरा कोमट लागलं. मी म्हटलं, उन्हात खेळली असेल, नैवेद्य झाला की बघू...”

रेवाआई पाराकडे चालू लागल्या होत्या.

सहा वर्षांची बकू कुशीवर निजली होती. रेवाआईंनी तिच्या कपाळावर पालथा हात ठेवला. मग झग्याची बाही सारून काखेपाशी बोटं नेली. बकू झोपेत कण्हली आणि हात आखडून घेतला.

“गाठ आहे?” कुमुदिनीबाईंनी विचारलं. उत्तर येऊ नये असं विचारलं.

“आहे.”

“आई...”

“औषध आहे यावर. आईच्या काळी नव्हतं, आता आहे. पण वेळ घालवायचा नाही. दवाखान्याची गाडी फाट्यापर्यंत येतेय, पुढं तिला वाट नाही. फाट्यापर्यंत हिला तू न्यायचीस. आणि तिथं रविवारचं सगळं सांगायचं. तुझंही रक्त घ्या म्हणायचं.”

“आणि तुम्ही?”

“ज्यांना निरोप पोचला नसेल, त्या येतील. त्यांना वाटेत अडवते. पिसवा मलाही चावल्यात. दुसऱ्या खेपेला मीही बसेन गाडीत.”

खालून, फाट्याच्या बाजूनं, हॉर्न ऐकू आला. एकदा... पुन्हा एकदा.

कुमुदिनीबाई तशाच उभ्या होत्या. टोपली दोन्ही हातांत धरलेली.

“आई, माझं व्रत... एकवीस वर्षं याच लेकरांच्या सुखासाठी धरलं. आज उद्यापनाला ही टोपली... मी काय करू?”

रेवाआईंनी टोपलीकडे पाहिलं. मग बकूकडे.

“पोरीला उचलायला दोन हात लागतात, कुमुद.”