शिंगवाला पोपट

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. इतकी जुनी, की तेव्हा डोंगरांना कुणी नावं दिलेली नव्हती. माणसांना नावं ठेवणं मात्र जोरात सुरू झालेलं होतं.

एका नदीच्या काठी एक राज्य होतं आणि त्या राज्याच्या पेठेत भुजंगशेटचं शेल्यांचं दुकान होतं. त्या शेल्यांची कीर्ती काय सांगावी! शेला इतका तलम, की अंगावर घेतलाय की नाही याची आरशात बघून खात्री करावी लागे. एकदा एका बाईने वाळत घातलेला शेला वाऱ्याने उडाला, तर तीन गावांनी तो ढग समजून पेरणीची तयारी केली. खोटं वाटत असेल तर त्या गावांत जाऊन विचारा. गावं आता राहिलेली नाहीत, पण विचारायला काय हरकत आहे?

लग्न असो, बारसं असो, नाहीतर भांडण मिटवायला बसलेली पंचायत असो, माणसांच्या खांद्यावर भुजंगशेटचाच शेला दिसे. आणि त्या शेल्यावर काही म्हणजे काही नसे. बुट्टी नाही, वेल नाही. काठ साधा, पदर साधा. भुजंगशेटच्या वडिलांनी तसा नियमच घातला होता. ते म्हणत, "गिऱ्हाइकाला जे बोलायचं ते तो तोंडाने बोलेल. आपल्या कापडाने मध्ये बोलायचं नाही."

दुकानामागे चाळीस माग होते. चाळीस घरांच्या चुली त्यांच्यावर पेटत. मागांवर देखरेख कोंडाकाकूंची. भुजंगशेट गुडघ्याएवढा होता तेव्हा त्याला धोटा फेकायला काकूंनीच शिकवलं होतं. त्यामुळे एरवी त्या त्याला 'भुजंगा' म्हणत. 'शेट' म्हणाल्या की समजायचं, काकू रागावल्या आहेत.

आता राज्याचं सांगतो. राजघराण्यात दोन सख्खे भाऊ होते, थोरले आणि धाकटे. थोरल्यांच्या झेंड्यावर पोपट, धाकट्यांच्या झेंड्यावर बैल. थोरले गादीवर बसलेले होते आणि धाकटे गादीकडे बघत बसलेले होते. पेठेत दोघांचीही माणसं होती. पण सगळ्यांच्या अंगावर एकसारखेच शेले. मारामारी सुरू झाली की आपला कोण आणि त्यांचा कोण हेच कळत नसे, त्यामुळे मारामाऱ्या फार टिकत नसत.

एके दिवशी थोरल्यांचे दिवाण दुकानात आले. तक्क्याला टेकले. पान खाल्लं.

"भुजंगशेट, महाराजांच्या मनात आलंय. तुमच्या शेल्याच्या पदरावर आपला पोपट असावा."

"सगळ्या शेल्यांवर?"

"मग काय अर्ध्यांवर पोपट आणि अर्धे मोकळे? दुकानावर 'राजवस्त्र भांडार' अशी पाटी लावा. दरबारात तुम्हाला बसायला जागा. पहिल्या रांगेत."

पहिली रांग म्हटल्यावर भुजंगशेटला दिवाणांचं पुढचं काही ऐकूच आलं नाही.

दिवाण गेले आणि काकू मागच्या दारातून आल्या.

"भुजंगा, पोपट नको."

"काकू, दिवाणांना नाही कसं म्हणू?"

"नाही म्हणू नकोस. म्हणावं, महाराजांना हवे तेवढे पोपट विणून देऊ. राजवाड्यात पाठवू, हत्तीवरून पाठवू. पण दुकानातला शेला आहे तसाच राहील. त्याच्यावर सगळ्या गावाचा हक्क आहे."

"अहो, राजा आपल्या दारात चालत आला!"

"राजा नाही, दिवाण आला. आणि राजे जातात, बाबा. आपल्याला पेठेतच राहायचंय."

"तुम्हाला धंदा कळत नाही, काकू."

"बरं, शेट," काकू म्हणाल्या आणि मागावर जाऊन बसल्या.

चाळीस मागांवर पोपट उतरले. हिरवे, लालचुटुक चोचीचे. दरबारातल्या झाडून सगळ्या माणसांनी शेले घेतले. ज्यांना दरबारात शिरायचं होतं त्यांनी दोन दोन घेतले. भुजंगशेट पहिल्या रांगेत बसला. पहिल्या रांगेत बसलं की मागे काय चाललंय ते दिसत नाही, एवढंच.

मागे काय चाललं होतं? धाकट्यांच्या माणसांनी शेले घ्यायचं सोडलं होतं. लग्नातसुद्धा ते खांद्यावर पंचा टाकून जाऊ लागले. मारामाऱ्याही आता चांगल्या टिकू लागल्या. कुणाला मारायचं ते लांबूनच दिसे. ज्यांना कुठलाच राजा नको होता, फक्त एक बरा शेला हवा होता, ते बिचारे उघड्या खांद्याने हिंडू लागले.

एक वर्ष गेलं आणि जे व्हायचं ते झालं. धाकट्यांनी गादी घेतली. थोरले देवदर्शनाला गेले आणि दर्शन फारच लांबलं.

भुजंगशेट धावत मागांपाशी आला. कोठीत पोपटांचे सहाशे शेले पडून होते.

"काकू, आता काय करायचं?"

"पोपट उसवायचे. पदर साधा करायचा. आणि दुकानाच्या पायरीवर उभं राहून म्हणायचं, मंडळी, चुकलो. आठ दिवस लोक हसतील, नवव्या दिवशी शेला घेतील."

"चुकलो म्हणू? मी? पहिल्या रांगेतला माणूस?"

"रांग उठून गेली, भुजंगा. तू एकटाच बसलायस."

पण भुजंगशेटला एक युक्ती सुचली होती. युक्ती सुचली की त्याला दुसऱ्याचं ऐकूच येत नसे.

"उसवण्यात दोन महिने जातील. त्यापेक्षा पोपटाचाच बैल करू. डोक्यावर शिंगं काढा. खाली चार पाय. शेपूट आहेच."

"आणि चोच?"

"चोच कोण बघतंय?"

काकूंनी कपाळावर हात मारला. "बरं, शेट."

चाळीस घरांतल्या बायकांनी आठ दिवस खपून सहाशे पोपटांना शिंगं काढली. असा प्राणी त्याआधी पृथ्वीवर झाला नव्हता. अंगाने हिरवा, पायांनी बैल, डोक्यावर शिंगं आणि तोंडापुढे लालचुटुक चोच. म्हणतात, एका शेतकऱ्याच्या बैलाने तो शेला पाहिला आणि तीन दिवस वैरण खाल्ली नाही.

शेले दुकानात आले. पेठेने पाहिलं. आधी एक तेली हसला, मग कासार हसला, मग अख्खी पेठ पोट धरून बसली.

"शेट, हा नांगराला जुंपायचा की पिंजऱ्यात ठेवायचा?"

"याला कडबा घालू की मिरची?"

थोरल्यांची माणसं भडकली. म्हणाली, आमच्या पोपटाच्या डोक्यावर शिंगं उगवली, हा अपमान आहे. धाकट्यांची माणसं त्याहून भडकली. म्हणाली, आमच्या बैलाला चोच लावली, हा तर थट्टेचाच प्रकार आहे. इतकी वर्षं एकाही गोष्टीवर एकमत न झालेले दोन्ही पक्ष चौकात एकत्र जमले आणि त्यांनी मिळून शेल्यांची होळी केली.

तेव्हापासून गावात एखादा माणूस वारा बघून बोलू लागला की लोक म्हणत, हा शिंगवाला पोपट आहे. भुजंगशेटचं नाव असं घरोघर पोहोचलं. पूर्वीही पोहोचलं होतं, पण तेव्हा ते खांद्यावर होतं. आता ते जिभेवर होतं.

दोन भाऊ भांडत राहिले तर तिसऱ्याला वाट मोकळी होते. नदीपलीकडचा राजा एका सकाळी आला आणि दुपारच्या जेवणाआधी राज्य घेऊन मोकळा झाला. माणूस सरळ होता. त्याच्या झेंड्यावर काहीच नव्हतं, नुसतं निळं कापड. इथली भाषा त्याला येत होती, पण ती तो एका पंतोजीकडून पुस्तकावरून शिकला होता.

नवा राजा पेठ बघायला निघाला आहे असं कळलं आणि भुजंगशेटची गाळण उडाली.

"काकू, मला बोलवलं तर काय सांगू? दोन राजांचं केलं, दोघांनी लाथाडलं. हा तिसरा मला सोडेल का?"

"काही सांगू नकोस. हा घे." काकूंनी त्याच्यासमोर एक शेला ठेवला. साधा काठ, साधा पदर. सगळी पेठ हसत होती तेव्हा त्यांनी आपल्या मागावर तो गपचूप विणला होता.

राजा आला. सोबत कोतवाल होता, पेठेतच जन्मलेला. राजाने शेला हातात घेतला, उन्हात धरला, मग गालाला लावला. त्याच्या चेहऱ्यावर हसू पसरलं. त्याने भुजंगशेटच्या पाठीवर थाप मारली आणि कोतवालाकडे वळून खणखणीत आवाजात म्हणाला,

"कोतवाल, उद्याच यांचं दुकान वाढवा!"

आणि तो पुढे निघून गेला.

पेठेत एकदम चिडीचूप. कारण पेठेची रीत सगळ्यांना ठाऊक. 'दुकान बंद' असं अभद्र तिथे कुणी बोलत नाही. संध्याकाळी फळ्या लावायच्या झाल्या तरी माणूस म्हणतो, चला, दुकान वाढवतो. आणि राजाने तर हुकूमच दिला होता.

भुजंगशेट दुकानाच्या पायरीवर जाऊन बसला.

काकू पुढे झाल्या. "अरे, ऊठ. जा त्याच्या मागे आणि नीट विचार. तो हसत होता. रागावलेला माणूस शेला गालाला लावून बघतो का?"

"काकू, आत्ता दुकानच जातंय. विचारायला गेलो तर मुंडकं जाईल."

"विचार तर! चाळीस घरं आहेत तुझ्यामागे."

"मला माहीत आहे तो काय म्हणाला. मी केलंच आहे तसं."

काकूंनी कोतवालाकडे पाहिलं. कोतवालाने मान फिरवली. कासार, तेली, शेजारचा अत्तरवाला, सगळे आपापल्या मालाकडे बघू लागले. दुसऱ्या दिवशी फळ्या लागल्या, वर कोतवालाची लाखेची मोहोर लागली. महिन्याभरात चाळीस माग गाड्यांवर चढले आणि नदीच्या खालच्या अंगाच्या गावांत पांगले.

तीन महिन्यांनी राजाच्या मुलीचं लग्न ठरलं. राजा मोठ्या आनंदाने शेले घ्यायला पेठेत आला आणि मोहोर बघून जागच्या जागी थांबला.

"कोतवाल! मी दुकान वाढवायला सांगितलं होतं!"

"हो, महाराज. दुसऱ्याच दिवशी वाढवलं."

"कुठे वाढवलंय?"

"हे काय, महाराज. पूर्ण वाढवलंय. किल्ली माझ्याकडे आहे."

राजाने दुकानाकडे पाहिलं, कोतवालाकडे पाहिलं आणि पंतोजीला बोलावलं. पंतोजीने घाम पुसत पेठेतला अर्थ सांगितला.  मग राजाने विचारलं, "मी शेला गालाला लावला. मी हसलो. पाठीवर थाप दिली. तरी तुमच्यापैकी एकालाही शंका आली नाही?"

कोतवाल खरं बोलला. "महाराज, तुम्ही कासाराचं दुकान वाढवा म्हणाला असतात, तर आम्ही दहा वेळा विचारलं असतं. अत्तरवाल्याचं म्हणाला असतात, तर अख्खी पेठ तुमच्या पाया पडली असती. भुजंगशेटचं म्हणालात. तेव्हा विचारावंसं वाटलंच नाही."

भुजंगशेट तिथेच उभा होता. त्याने खाली घातलेली मान वर केली नाही.

राजा हुकमाचा पक्का होता. त्याने दुकान खरोखरच वाढवलं. तीन मजले चढवले, पुढे ओसरी काढली. भुजंगशेट किल्ली घेऊन खालच्या गावी काकूंकडे गेला. काकूंनी तिथे आठ माग उभे केले होते. बाकीचे विणकरही हळूहळू त्यांच्याकडे येत होते. राजकन्येच्या लग्नाचे शेले त्यांच्याच मागांवर चढले होते.

"काकू, परत चला. तीन मजले आहेत."

काकूंनी त्याला पाणी दिलं, गूळ दिला. मग म्हणाल्या, "मजले राजाने दिले, भुजंगा. गिऱ्हाईक राजाला देता येत नाही. तुझा शेला खांद्यावर टाकला की अजून माणसं विचारतात, आत पोपट आहे का? ह्या विणकरांनी त्या प्रश्नाला किती दिवस उत्तर देत बसायचं?"

"मग मी काय करू?"

"रिकामा माग आहे त्या कोपऱ्यात. धोटा फेकायला विसरला नसशील, तर बस."

भुजंगशेट बसला. तीन मजली दुकानात पारवे राहायला आले. त्यांनी कुठलाही झेंडा लावला नाही, त्यामुळे त्यांना कुणी हाकललंही नाही.

लहानांनो आणि मोठ्यांनो, एवढंच ध्यानात ठेवा: जो येईल त्या राजाचं चिन्ह अंगावर काढून घेणाऱ्याचं नाव असं काही जातं, की पुढे त्याच्याबद्दल कुणी चांगलं बोललं तरी लोकांना ते वाईटच ऐकू येतं.