टाकीमागची लाईन

गाड्यांच्या येण्याजाण्याने सदा गजबजलेल्या एका शहरात रेल्वेचे नकाशे काढणारी एक कचेरी होती. शहरातली प्रत्येक लाईन, प्रत्येक फाटा त्या नकाशांत दाखवलेला असे.

कचेरीची एक रीत होती. नकाशा एकाने काढायचा आणि दुसऱ्याने तो हातात घेऊन, रुळांच्या कडेने चालत पडताळायचा. चूक दिसली की तिच्याभोवती लाल शाईने गोल करायचा आणि नकाशा काढणाऱ्याला परत द्यायचा.

नकाशे काढायचे नरहरअण्णा आणि पडताळायची मालिनी. ती कचेरीत नवी आली, तेव्हा तिच्या हातावर हात ठेवून पेन कसे धरावे हे अण्णांनीच तिला शिकवले होते.

अलीकडे अण्णांना कमी दिसू लागले होते. ते कुणाला सांगत नसत. पण एकदा त्यांनी दौत समजून चहाच्या कपात पेन बुडवले आणि कचेरीत हशा पिकला.

"अण्णा, आता दौतीतली शाई पिऊ नका म्हणजे झालं!" कुणीतरी म्हणाले.

अण्णाही हसले. पण त्यांचे कान लाल झालेले मालिनीने पाहिले.

पुढे काही दिवसांनी ती अण्णांचा नवा नकाशा घेऊन पाण्याच्या टाकीपाशी आली. नकाशात टाकीमागे दोन लाईनी होत्या. जमिनीवर तीन. तिसरी लाईन दुसरीला अगदी खेटून गेलेली होती. नकाशा काढताना अण्णांच्या नजरेतून ती निसटली होती.

मालिनीने लाल पेन काढले. तेवढ्यात तिला अण्णांचे लाल झालेले कान आठवले. 'थोडे दिवस राहिलेत त्यांच्या निवृत्तीला. कशाला त्यांचं हसं करायचं?' असे मनाशी म्हणून तिने पेनाला टोपण लावले. कचेरीतले सगळे जेवायला गेले, तेव्हा तिने काळ्या शाईने ती तिसरी रेघ स्वतःच ओढली. आपण अण्णांची लाज राखली, या विचाराने तिला फार बरे वाटले.

नकाशा छपाईला देण्याआधी अण्णा त्यावरून एकदा भिंग फिरवत. टाकीमागे त्यांना रेघ जाड झालेली दिसली. 'शाई पसरलेली दिसते,' ते पुटपुटले. आपल्या हातून अस्वच्छ काम जाऊ नये, म्हणून त्यांनी ब्लेड घेतले आणि ती जागा हलकेच खरवडून साफ केली.

नकाशा छापून झाला. तो घेऊन रूळ दुरुस्त करणारी टोळी टाकीमागे कामाला आली. नकाशात दिसतील त्या लाईनींवरच्या गाड्या थांबवायच्या आणि मग कामाला लागायचे, असा त्यांचा शिरस्ता. भिकाजी मुकादमाने दोन लाईनी बंद करून घेतल्या. तिसरी नकाशात नव्हतीच.

"पडीक लाईन असणार ही," तो म्हणाला. दुपारी माणसे तिच्यावरच बसून भाकरी खाऊ लागली.

आणि वळणाआडून त्याच लाईनीवर इंजिन आले!

"उठा रे! पळा!" मुकादम जिवाच्या आकांताने ओरडला. माणसे मिळेल तिकडे उड्या टाकून बाजूला झाली. एकाचा पाय मुरगळला. बाकी सगळे सुखरूप राहिले.

संध्याकाळी मुकादम कचेरीत आला. त्याने चेपून पत्रा झालेला जेवणाचा डबा अण्णांच्या टेबलावर ठेवला.

"डब्यावर निभावलं, साहेब. माणूस सापडला असता, तर काय आणून ठेवलं असतं इथं?"

अण्णांचा चेहरा पांढरा पडला. "मालू, तू पडताळलं होतंस ना? तुला दिसली नाही ती लाईन?"

"दिसली होती, अण्णा." मालिनीला रडू आवरेना. "म्हणून रेघ मीच ओढली. तुम्हाला न सांगता."

"आणि मी ती शाई समजून खरवडून टाकली." अण्णा मटकन खुर्चीत बसले. "अगं, मला सांगितलं का नाहीस?"

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून."

"मग आता बरं वाटतंय होय मला?"

अण्णांनी नकाशा तिच्यापुढे सरकवला.

"कर लाल गोल. मोठा कर. मला दिसेल असा."

मालिनीने लाल पेनाचे टोपण काढले. तेव्हा अण्णांनी पहिल्या दिवसासारखा तिच्या हातावर आपला हात ठेवला, आणि दोघांनी मिळून तो गोल पुरा केला. मग अण्णा सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "छापलेले सगळे नकाशे आत्ताच्या आत्ता परत मागवा. आणि मला आता बारीक रेघा दिसत नाहीत."

या वेळी कुणीच हसले नाही.

तात्पर्य: आपल्या माणसाची चूक त्याच्यापासून लपवून ठेवली, तर ती त्याच्या हातून पुन्हा घडते. माया असेल, तर त्याची चूक त्याच्याजवळ बसून, प्रेमाने, पण स्पष्ट दाखवावी.