दोघींनी धरायचे लुगडे

लिहून ठेवलेला नाही म्हणून आडवेळ गावाला कायदाच नाही, असे ज्यांनी परस्पर ठरवून टाकले, त्यांनी एकदा तरी या कातळावर अनवाणी उभे राहायला हवे होते. खाडीच्या तोंडावरचा हा काळा कातळ. त्याच्या माथ्यावर तांबूस पट्टा आहे, लुगड्याएवढा लांब. समुद्रातून तो सर्वांत आधी दिसतो.

"चपलो काढा," पाहुणे आले की म्हातारे धाकू तांडेल सांगतात. "पाय भाजले तर भाजांदेत. तिचे काय कमी भाजले?"

मग ते आवडीची गोष्ट सांगतात.

फार पूर्वी खाडीत चाचे शिरत. होड्या परतायच्या वेळी गावातली एक बाई कातळावर लुगडे पसरी. हिरवे असले तर खुशाल आत या. लाल असले तर माघारी फिरा. मराठीत खुणेला संकेत म्हणतात आणि पाळायच्या रीतीलाही. आडवेळमध्ये पहिल्यातून दुसरा जन्मला, असे सांगतात.

त्या दिवशी पाळी आवडीची होती. तिच्याआधीच चाचे कातळाखालच्या झाडीत येऊन लपले होते. हिरवे म्हणजे 'या', एवढे त्यांना कुठून तरी कळले होते. आवडीची लेक मंजुळा त्यांच्या हाती लागली. तिच्या गळ्याला सुरा लावून ते म्हणाले, "हिरवे पसर."

होड्यांत अख्ख्या गावाचे पुरुष होते. आवडी कातळावर चढली. विचारायला जवळ कोणी नव्हते. तिने हिरवे लुगडे पसरले, चारी टोकांना दगड ठेवले. खालचे चाचे निश्चिंत झाले. मग अंगावरच्या लाल लुगड्याचा पदर सोडत, ते हिरवे झाकत ती खालून दिसणार नाही अशी आडवी झाली. तापल्या कातळावर ती हलली नाही, म्हणे. खालून लेकीची हाक आली, तरीही नाही.

होड्या माघारी फिरल्या.

चाचे निघून गेले. मंजुळा वाचली नाही. आवडी उठली तेव्हा लुगड्याचा लाल रंग कातळात उतरला होता, तो पुढच्या कुठल्याच पावसाने धुतला नाही.

वाचलेले पुरुष ओटी, नारळ, हळदकुंकू घेऊन आले. कातळावर तिचे देऊळ बांधायचे ठरले. आवडीने नारळ परत केला. म्हणाली, "माका देवी करू नकात. हय परत कोणाक एकटीक उभी करू नकात."

तेवढेच. त्या एका वाक्यावर सगळा गाव तिच्यासमोर खाली बसला, असे सांगतात. कोणी ते दगडावर कोरले नाही की ताम्रपटावर घातले नाही. नुसते पाळले.

चाचे गेले, होड्यांना इंजिने आली. आजही होड्या परतायच्या वेळी कातळावर लुगडे पसरतात, आणि दोन घरच्या दोघी त्याची टोके धरतात. जमीन विकायची असो की लेकीचे लग्न ठरवायचे, आडवेळमध्ये एकट्या माणसाच्या शब्दावर काही ठरत नाही. दुसऱ्या घरचे कोणीतरी शेजारी येऊन बसते.

परवा एका पाहुणीने लुगड्याचे टोक धरलेल्या सुलोचनावहिनींना विचारले, "आता मोबाइल आहेत. मग हे कशाला?"

वहिनींनी टोक सोडले नाही. म्हणाल्या, "मोबाइल एकटीच्याच हातात रवता गो बाय."